डिकीत मावलेला संसार : पुणे ते साम्रद

गाडीने जाऊन तंबूत राहायचे ठरले की माणूस सैल सुटतो. पाठीवर ओझे वाहायचे नसते, त्यामुळे मोठा कुकर, घडीची खुर्ची, ‘असू दे’ म्हणून उचललेली चौथी चादर असे सगळे डिकीत जाते, आणि मुक्कामी पोचल्यावर अंधारात काडेपेटी मात्र कोणालाच सापडत नाही. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही अकोले तालुक्यातील साम्रद या गावी, म्हणजे भंडारदऱ्याच्या पाणलोटाच्या अगदी मागच्या टोकाला, शुक्रवार ते रविवार राहून आलो. बरोबर पती मिलिंद, आठवीतली ईशा आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले माझे सासरे नाना होते. भंडारदऱ्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. तिथे तंबू ठोकून राहण्यासाठी गाडीत काय भरावे, कसे भरावे आणि काय घरी ठेवावे हे लिहिणारे कमी आहेत, म्हणून या वर्णनात सामानाचा भाग थोडा जास्त आला आहे.

गुरुवार संध्याकाळ : गाडी भरणे

आमच्या घरी सामान भरण्याचे खाते माझ्याकडे आहे आणि त्याचा मुख्य नियम असा, की मुक्कामी पोचल्यावर जे सर्वांत आधी लागेल ते गाडीत सर्वांत शेवटी जाते. पोचल्यावर आधी जमिनीवर अंथरायची ताडपत्री लागते, मग तंबू, खुंट्या, हातोडी आणि दिवा. नंतर चूल आणि पाणी. अंथरुणे त्याच्याही नंतर, आणि कपड्यांच्या पिशव्यांना रात्री झोपेपर्यंत कोणी हात लावत नाही. या हिशेबाने कपडे तळाशी आणि ताडपत्री सगळ्यांत वर यायला हवी. पण गाडीचा स्वतःचा हिशेब वेगळा असतो : जड वस्तू खाली आणि मागच्या आसनाला टेकूनच हवी, नाहीतर घाटातल्या वळणांवर गाडी डोलते. त्यामुळे वीस लिटरचा पाण्याचा कॅन आणि स्वयंपाकाचा क्रेट आसनाच्या पाठीला लावून खाली बसवला, कपड्यांच्या मऊ पिशव्या त्यांच्या फटींत कोंबल्या आणि तंबू, ताडपत्री, हातोडी ही मंडळी डिकी उघडताच हाताला लागतील अशी कडेला ठेवली. आसनाच्या पाठीच्या उंचीवर काहीही जाऊ द्यायचे नाही, याबद्दल मिलिंद हट्टी आहे आणि त्याचे बरोबर आहे. करकचून ब्रेक लागला तर मागच्या काचेशी ठेवलेला तवा थेट पुढच्या माणसाच्या डोक्यावर येतो, शिवाय आरशातून मागचे दिसणे बंद होते.

खोक्यांऐवजी आम्ही मार्केट यार्डात मिळतात तसे भाजीचे प्लॅस्टिकचे क्रेट वापरतो. ते एकावर एक बसतात, त्यांत वारा खेळतो, धुता येतात, आणि मुक्कामी उपडे घातले की बसायला किंवा शेगडी ठेवायला उपयोगी पडतात. एक क्रेट चुलीचा आणि एक गाडीचा. चुलीच्या क्रेटमध्ये कॅनिस्टरवर, म्हणजे गॅसच्या छोट्या डब्यावर, चालणारी शेगडी, दोन जादा कॅनिस्टर, एक कढई, एक पातेले, तवा, उलथने, सांडशी, चाकू, चहाचे गाळणे, मिसळणाचा डबा, दोन वेगवेगळ्या पिशव्यांत दोन काडेपेट्या आणि भांडी घासायला नारळाची शेंडी. गाळणे आणि सांडशी या दोनच वस्तू अशा आहेत की त्या राहिल्या तर जंगलात त्यांना पर्याय सुचत नाही. गाडीच्या क्रेटमध्ये जंप-स्टार्टची केबल, टायर फुगवायचा पंप, ओढायचा दोर, जॅक, पाना, पक्कड, चिकटपट्टी आणि एक खुरपे. निघण्यापूर्वी स्टेपनीतली हवा तपासली, आणि चार टायरांतही पूर्ण वजनासाठी लागणारी हवा भरून घेतली. हा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत लिहिलेला असतो आणि तो एरवीच्या आकड्यापेक्षा जास्त असतो, हे बरेच जण पाहत नाहीत.

अंथरुणासाठी नानांचा जुना होल्डॉल काढला. जाड हिरव्या कॅनव्हासचा, चामडी पट्ट्यांचा, एका टोकाला उशीचा कप्पा असलेला. धरणांच्या कामावर मुक्काम असताना नाना तो वापरत. चार फोमच्या मॅट, दोन गोधड्या, एक सतरंजी आणि तीन स्लीपिंग बॅगा एवढे सगळे त्यात गुंडाळले गेले आणि नानांनी गुडघ्याने दाबून पट्टे आवळले तेव्हा त्याची जाडी निम्म्यावर आली. गोधड्या अंगावर घेण्यासाठी नव्हत्या. थंडीत तंबूत झोपणाऱ्याला गारठा जमिनीतून लागतो, कारण अंगाखाली दबलेल्या पांघरुणात हवा उरत नाही आणि हवा नसली की ऊब धरली जात नाही. म्हणून वर तीन चादरी घेण्यापेक्षा खाली एक फोमची मॅट आणि तिच्यावर एक जाड गोधडी अधिक कामाची. हवा भरायच्या गाद्या मऊ लागतात खऱ्या, पण आतली हवा रात्रभर गार होत राहते. त्या नेल्या तरी मॅट हवीच.

खाण्याचे म्हणाल तर दशम्या, लसणाची चटणी, संक्रांतीआधीच केलेल्या गुळपोळ्या, कोरडा भाजलेला रवा, तांदूळ, मुगाची डाळ, चहा-साखर आणि अंडी. दशमी दुधात भिजवलेली असल्याने दोन दिवस मऊ राहते आणि थंडीत तर काहीच होत नाही. बर्फाच्या पेटीत सुटा बर्फ न घालता पाण्याच्या बाटल्याच आदल्या रात्री गोठवून ठेवल्या. त्या हळू वितळतात, दुधाची पिशवी भिजत नाही आणि शेवटी ते पाणी पिता येते.

शुक्रवार : पुणे ते साम्रद

पहाटे निघालो. नारायणगावला मिसळ, आळेफाट्यावरून ब्राह्मणवाडा, कोतूळ मार्गे राजूर. रस्त्याबद्दल सांगण्यासारखे एवढेच, की मोठ्या रस्त्याने संगमनेर-अकोल्याला वळसा घालण्यापेक्षा हा रस्ता शांत आहे आणि कडेची गावे पाहत जाता येते.

राजूर ही या भागाची बाजारपेठ. पुण्याहून भाजी नेण्यात अर्थ नसतो. इथे वांगी, टोमॅटो, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या असे सगळे ताजे मिळाले. गाडीची टाकी इथेच भरावी, रोख पैसे इथेच काढावेत आणि पिण्याच्या पाण्याचा कॅनही इथेच काठोकाठ करावा, या तीन गोष्टींचे महत्त्व पुढे गेल्यावर कळते. नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवला होता, कारण शेंडी गाव सोडले की मोबाइलला रेंज असतेच असे नाही. राजूरचे पेढे घेतले ते मात्र कोणत्याही यादीत नव्हते.

शेंडीहून जलाशयाला वेढा घालणारा रस्ता आहे. एका बाजूने मुतखेल, रतनवाडी, साम्रद आणि दुसऱ्या बाजूने मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर; दोन्ही हात साम्रदजवळ जुळतात. आम्ही जाताना रतनवाडीची बाजू धरली. हा सारा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे प्रवेशशुल्क भरावे लागते आणि हवे तिथे तंबू ठोकता येत नाही. गावात कोणाच्या तरी खाजगी जागेत, त्यांच्या परवानगीने राहणे हाच सरळ मार्ग. आमची सोय साम्रदच्या एका शेतकरी कुटुंबाकडे आधीच फोनवर ठरली होती.

पोचलो तेव्हा उन्हे कलायला लागली होती. भात कापून झालेले एक खाचर डोळ्यांत भरले : सपाट, पिवळसर, समोर रतनगड आणि त्याच्या बाजूला उभा असलेला खुट्टा सुळका. मिलिंदने ताडपत्री तिथे पसरायला घेतली तर घरधनी बांधावरूनच म्हणाले, “दादा, तिथं नका. रातच्याला दव पडंल, अन् गार बी लागंल. वर माळाला चला.” कारण दोन होते. खाचर खोलगट असते आणि थंड हवा जड असल्याने उतरून तिथेच साठते. आणि भाताची धसकटे ताडपत्रीतून तंबूच्या तळात घुसतात. वरचा माळ खाचरापासून फार तर दोन पुरुष उंच असेल, पण सकाळी पाहिले तेव्हा खाली खाचरावर धुक्याची पांढरी पट्टी होती आणि आमच्या पायांशी नव्हती.

माळाची अडचण वेगळी होती. वर बोटभर माती आणि खाली मुरूम. तंबूबरोबर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या बारीक खुंट्या दोन घावांत वाकल्या. सह्याद्रीत राहायचे तर लोखंडी, जाड, वीतभर लांबीच्या खुंट्या वेगळ्या विकत घ्याव्यात. आमच्याकडे त्या होत्या, तरीही घरधन्यांनी पहार आणून आधी भोके पाडून दिली, तेव्हा कुठे त्या बसल्या. जिथे पहारही चालली नाही तिथे दोर मोठ्या धोंड्यांना बांधले. खुंटी सरळ न ठोकता तिचे डोके तंबूपासून बाहेर झुकेल अशी तिरपी ठोकावी, म्हणजे वाऱ्याच्या ओढीने ती उपटली जात नाही. तंबूचे तोंड वाऱ्याकडे न करता दरीच्या उलट बाजूला केले. तंबू ‘चार माणसांचा’ आहे असे त्याच्या पिशवीवर छापलेले आहे. त्याचा अर्थ चार माणसे खांद्याला खांदा लावून निजतील एवढाच. सामानासकट तिघांनाच तो पुरतो, म्हणून नानांसाठी गाडीतले पुढचे आसन आडवे केले आणि दोन्ही काचा बोटभर उघड्या ठेवल्या. काचा पूर्ण बंद ठेवल्या तर श्वासाच्या वाफेने आतून पाणी धरते.

रात्रीचा स्वयंपाक करायची वेळच आली नाही. घरच्या मावशींनी चुलीवर हुलग्याचे शेंगोळे केले होते, सोबत तांदळाची भाकरी आणि खुरासणीची चटणी. शेंगोळ्यांच्या रश्श्याला लसूण आणि लाल मिरचीचा असा झणका होता की ईशाच्या नाकातून पाणी वाहू लागले, पण तिने भाकरी कुस्करून दुसऱ्यांदा मागून घेतले. मावशींनी आमचा क्रेट उघडून बघितला, शेगडी हातात घेऊन उलटसुलट केली आणि विचारले, “एवढ्याशा दिव्यावर भाकरी भाजती का गं?” भाजत नाही, हे खरेच आहे. अशा शेगडीवर चहा, उपमा, खिचडी होते. भाकरीला लागणारी धग तिच्यात नसते. त्यामुळे पीठ घेऊन जाण्यापेक्षा भाकरी गावातूनच ठरवून पैसे देऊन घ्यावी. आपल्याला चांगले जेवण मिळते आणि त्या घराला चार पैसे मिळतात.

शनिवार : सांधण आणि रतनवाडी

सकाळी गाडीच्या पडद्यावर बाहेरचे तापमान 7 अंश दिसत होते. तंबूच्या वरच्या कापडावर बाहेरून दव आणि आतून वाफ असे दोन्हीकडून पाणी होते, पण वरचे कापड आणि आतला तंबू एकमेकांना चिकटू नयेत म्हणून कडेचे दोर ताणलेले असल्याने आत थेंब आला नाही. रात्री कितीही गारठा असला तरी तंबूच्या वरच्या झरोक्यांची चेन थोडी उघडीच ठेवावी.

शेगडी पेटली, पण ज्योत मरतुकडी. यात शेगडीचा दोष नाही. स्वस्त कॅनिस्टरमध्ये बहुतेक ब्यूटेन असतो आणि तो शून्य अंशाच्या किंचित खालीच द्रवरूप होतो. त्यातच वायू बाहेर पडू लागला की डबा स्वतःहून आणखी गार होत जातो, आणि सात अंशांच्या पहाटे आतला दाब पुरेसा राहत नाही. प्रोपेन मिसळलेला डबा घेतला तर ही अडचण पुष्कळ कमी होते. आमच्यापुरता उपाय म्हणजे डबा रात्री स्लीपिंग बॅगेशेजारी ठेवणे आणि सकाळी पाच मिनिटे कोमट पाण्याच्या ताटलीत उभा करणे. कोमट म्हणजे हाताला सोसेल इतकेच, गरम पाणी कदापि नाही. वारा अडवायला शेगडीभोवती पत्र्याचा पूर्ण वेढाही घालू नये, कारण मग उलट डबा धोकादायक तापतो. एका बाजूला क्रेट उभा केला की पुरते. आणि थंडी कितीही असो, शेगडी किंवा निखाऱ्याची शेकोटी तंबूच्या किंवा गाडीच्या आत न्यायची नाही. कोळशाचा धूर दिसत नसला तरी त्यातील कार्बन मोनॉक्साइड झोपेतच माणसाला संपवतो.

उपमा होत आला तेव्हा शेजारच्या माळावरून नाशिकची तीन-चार कॉलेजची मुले आली. रात्रभर गाडीतल्या स्पीकरवर गाणी लावल्याने त्यांची बॅटरी उतरली होती. आमच्या केबलने त्यांची गाडी पाचव्या मिनिटाला सुरू झाली. लाल चिमटा धन टोकाला, काळा चिमटा शेवटी आणि तोही बॅटरीच्या ऋण टोकाऐवजी इंजिनाच्या उघड्या धातूला, हा क्रम मिलिंदने त्यांच्याकडून पाठ करून घेतला. त्यांनी बदल्यात अर्धा पोते सुकलेली लाकडे दिली. जंगलात पडलेली लाकडे गोळा करायला अभयारण्यात मनाई असते, ही त्यांनी गावातून विकत घेतलेली होती.

सांधणची दरी गावापासून चालत अर्ध्या तासावर आहे. जमिनीला पडलेली ही अरुंद, खोल भेग काळ्या बेसॉल्टच्या दोन भिंतींमधून कोकणाच्या बाजूला उतरत जाते. काही ठिकाणी दोन्ही भिंतींना एकाच वेळी हात लागतील इतकी जवळ येते आणि वर आभाळाची पट्टी उरते. टोकापर्यंत जायचे तर दोर लावून कडे उतरावे लागतात, ते आमचे काम नव्हते. गावातल्या वाटाड्याबरोबर पाण्याच्या डोहांपर्यंत गेलो. जानेवारीतही पहिला डोह ईशाच्या कमरेपर्यंत होता आणि पाणी असे गार, की पलीकडे गेल्यावर पाच मिनिटे पायांना खडक कळत नव्हता. इथे नेण्याचे सामान थोडेच, पण नेमके हवे : ओले झाले तरी पकड सोडणार नाहीत असे बूट, मोबाइल आणि गाडीची किल्ली ठेवायला तोंड गुंडाळून बंद होणारी पिशवी, कोरडे मोजे, एक टॉवेल, ओआरएस आणि खाऊ बंद डब्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीतला खाऊ माकडांना लांबूनच ओळखू येतो. आमच्या देखत एका बाईच्या हातातली चिवड्याची पिशवी गेली.

नाना वर गावातच थांबले होते. त्यांना घेऊन दुपारी रतनवाडीला अमृतेश्वराचे मंदिर पाहिले. दगडी शिखरावर बारीक नक्षीची ओळ न् ओळ चढत गेलेली, जवळच चौरस पुष्करणी आणि तिच्या भिंतींतल्या देवळ्यांमध्ये मूर्ती. प्रवरा याच रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि नेवाशाजवळ प्रवरासंगमाला गोदावरीला मिळते. नाना बराच वेळ पुष्करणीच्या पायरीवर बसून दगडांचे सांधे बघत होते. चुन्याशिवाय रचलेले दगड एवढी शतके पाण्याशी राहूनही हलले नाहीत, यावर त्यांनी मिलिंदला जे व्याख्यान दिले ते अर्धा तास चालले.

परतल्यावर मावशी तंबूजवळ आल्या आणि नाना आज पडवीत निजतील असे त्यांनीच ठरवून टाकले. “म्हाताऱ्या माणसाला गाडीत निजवतात होय?” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. होल्डॉल पडवीत उलगडला गेला आणि त्याचे पट्टे, उशीचा कप्पा हे सारे पाहायला घरातली लहान मुले गोळा झाली. तिथेच नानांनी भंडारदऱ्याच्या धरणाची गोष्ट सुरू केली : काम 1910 मध्ये सुरू झाले, 1926 मध्ये पूर्ण झाले, मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचे नाव त्याला मिळाले, उंची सुमारे 82 मीटर. मावशी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “धरण आमच्या उशाला हाय नाना, पर उन्हाळ्यात हंडा घेऊन आम्हीच हिंडतो.” पाणी खाली कालव्यांनी जाते आणि वरच्या वाड्यांच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये तळ गाठतात. नाना आयुष्यभर कालव्यांच्या बाजूने हिशेब मांडत आलेले. ते काही बोलले नाहीत. राजूरला कॅन भरून घ्या असे मी वर लिहिले आहे त्याचे कारण हे आहे. पिणे आणि स्वयंपाक मिळून माणशी रोज चार ते पाच लिटर धरावे आणि तेवढे बरोबर न्यावे. भांडी आधी राखेने किंवा कागदाने पुसून घेतली की घासायला तांब्याभर पाणी पुरते, आणि साबण ओढ्यात किंवा जलाशयात नेऊ नये.

रात्री उरलेले सर्व अन्न, अगदी चहाची भुकटीसुद्धा, गाडीत ठेवून दारे लावली. या भागात बिबट्याचा वावर आहे. त्याला आपल्या खिचडीशी कर्तव्य नसते, पण खरकट्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. बूट तंबूच्या आत घेतले, तरी सकाळी झटकूनच पायांत घातले. अंधारात बाहेर जाताना हातात विजेरी असण्यापेक्षा कपाळावर बांधायचा दिवा सोयीचा, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. प्रत्येकाचा स्वतंत्र हवा. शौचासाठी खुरपे का घेतले हे इथे लागू होते : गावातल्या घरी सोय नसेल तर पाण्यापासून साठ-सत्तर पावले तरी लांब, वीतभर खोल खड्डा, नंतर मातीने पूर्ण बुजवलेला. कागद आणि इतर कचरा पिशवीत घालून परत आणावा.

रविवार : घाटघर, धरण आणि परत

परतीची गाडी भरताना क्रम उलटतो. घरी पोचल्यावर आधी लागणारे काही नसते. ओले आणि कोरडे वेगळे ठेवणे एवढेच सांभाळायचे. उन्हे चढेपर्यंत थांबलो तरी तंबूचे तळकापड कोरडे झाले नाही, म्हणून ते त्याच्या पिशवीत न घालता एका मोठ्या प्लॅस्टिकच्या थैलीत सैल भरले. खुंट्या उपटताना मोजाव्यात. नाहीतर पुढच्या वर्षी नांगराच्या फाळाला किंवा बैलाच्या खुराला त्या सापडतात.

मावशींनी निघताना घरचे तांदूळ दिले आणि आमच्याकडचा एक क्रेट मागून घेतला, कोंबडीची पिल्ले रात्री झाकायला. गाडीचा क्रेट रिकामा करून दिला. केबल आणि पंप ईशाच्या पायांशी आले.

घाटघरच्या कोकणकड्यावरून वाऱ्याने उभे राहवेना. पावसाळ्यात इथे इतका पाऊस पडतो की त्याला नगर जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले तरी लोकांच्या तोंडी ते तसेच आहे. समोर खाली शहापूर तालुका आणि उजवीकडे अलंग, मदन, कुलंग हे किल्ले. इथला उदंचन जलविद्युत प्रकल्प नानांच्या आवडीचा विषय. वर एक धरण आणि कड्याखाली दुसरे. विजेला मागणी कमी असते तेव्हा खालचे पाणी पंपाने वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून 250 मेगावॉट वीज काढायची. “जेवढी वीज मिळते त्याहून जास्त पाणी चढवायला लागते,” नानांनी ईशाला सांगितले, “तरी परवडते, कारण हवी तेव्हा मिळते.” ईशाने यावर विचारलेला प्रश्न असा होता, की मग तो तोटाच ना. नाना खूश झाले आणि शेंडी येईपर्यंत तिला विजेचा बाजार समजावत राहिले.

विल्सन धरणापाशी नानांना भिंतीचा पायथा बघायचा होता. 1969 मध्ये या भिंतीला भेगा पडल्या आणि नंतर मागच्या बाजूने दगडी टेकू देऊन ती बळकट करण्यात आली. ते टेकू खालून स्पष्ट दिसतात. छत्री धबधबा या दिवसांत कोरडा असतो, कारण तो धरणाच्या विमोचकातून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, पाणी सोडले तरच वाहतो. केवळ त्याच्यासाठी जाणार असाल तर पाणी सुटल्याची चौकशी करून जावे. रंधा धबधब्याला थांबलो नाही. कोतूळच्या पुढे एका झाडाखाली उरलेल्या दशम्या आणि गुळपोळ्या संपवल्या आणि दिवेलागणीला घरी आलो.

सोमवार : आवराआवर

तंबू गच्चीवर उलटासुलटा करून दोन दिवस वाळवला. ओला गुंडाळून माळ्यावर टाकला तर आठवड्यात बुरशी धरते आणि तो वास पुढे जात नाही. खांबांचे जोड कोरड्या फडक्याने पुसले, वाकलेल्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या भंगारात दिल्या, स्लीपिंग बॅगा त्यांच्या आवळ पिशव्यांतून काढून मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवल्या, कारण सतत दाबून ठेवल्या की आतले भरण फुगत नाही.

जे न वापरता परत आले त्याची यादी क्रेटच्या आत चिकटवली आहे : तवा, अर्धे तांदूळ, एक जादा कॅनिस्टर, घडीची खुर्ची, ईशाचे बॅडमिंटन. तवा आणि खुर्ची यापुढे घरीच राहतील, कॅनिस्टर मात्र जादाच हवा. यादीत नव्याने दोन गोष्टी चढल्या, पत्र्याची पाणी तापवायची छोटी किटली आणि आणखी दहा लिटरचा पाण्याचा कॅन. देऊन टाकलेल्या क्रेटच्या बदल्यात मार्केट यार्डातून नवा आणायचा आहे. नानांनी तेवढ्यात होल्डॉलचा एक तुटका पट्टा चांभाराकडून शिवून घेतला आणि तो माळ्यावर ठेवण्याऐवजी आपल्या खाटेखालीच ठेवला आहे.